रंगारणीचा कौल

"वन्सं, अहो लवकर या! आहात तशा या!"

वन्सं स्वयंपाकघरातून पळत आल्या. हाताला कणीक तशीच. वन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न झाल्यावर त्या परदेशी गेल्या आणि तिथल्या इस्पितळात नर्स म्हणून लागल्या. "वहिनी, एकदा तरी या," असं त्या इतकी वर्षं म्हणत होत्या, आणि मी "येते, येते" म्हणत दरवेळी पापड-लोणचीच पाठवत होते. शेवटी यंदा आमच्या ह्यांनी तिकीटच काढलं. "तू जा, मी घर सांभाळतो," म्हणाले. काय सांभाळलं ते परत आल्यावर दिसलंच, पण तो विषय वेगळा.

"काय झालं? पाल आहे का?" वन्संनी धापा टाकत विचारलं.

"पाल कसली! दारं बघा ना, दारं!"

आदल्या दिवशी मी पोचले तेव्हा अंधार पडला होता, त्यामुळे काही दिसलं नव्हतं. सकाळी पडदा सरकवला तर समोर घरांची लांबलचक ओळ, एकाला एक चिकटून, आणि प्रत्येक घराला निराळ्या रंगाचं दार. एक हळदीचं, एक कैरीचं, एक जांभळाचं, एक शेंदरी. त्यावर कोवळं ऊन. मला वाटलं कोणी रस्त्यात रुखवतच मांडलंय.

"अगं बाई, एवढ्यासाठी?" वन्सं म्हणाल्या. "मी रोज बघते. मला दार म्हणजे किल्ली लागली की झालं."

"तुम्हाला सवय झाली. कोणी रंगवली ही?"

"ती काय, पायऱ्या धुतेय ती. समोरची. ती आणि तिचा नवरा, दोघंही रंगारी. ही अख्खी गल्ली त्यांच्याच हातची. तो गेला गेल्या वर्षी. आता एकटीच असते."

मी खिडकीला नाक लावलं. समोर एक उंच बाई विजार खोचून दगडी पायऱ्या खसाखसा घासत होती. माझ्याहून चांगली पाचेक वर्षांनी थोरली असावी. खांदे पैलवानासारखे, पांढरे केस चिंधीने बांधलेले. तिच्या घराचा दर्शनी भाग ताकासारखा पांढराशुभ्र, आणि असा चकचकीत की त्यात बघून टिकली लावावी. दार गडद निळं. पायऱ्या घासून झाल्यावर ती उठली, कमरेवर हात ठेवले आणि मान वर करून दाराच्या डोक्यावर, वळचणीखाली बराच वेळ बघत राहिली. मग मान हलवली आणि आत गेली.

त्या क्षणापासून मी तिला रंगारीण म्हणायला लागले. आणि तिच्याशी ओळख करायचीच, असं ठरवून टाकलं.

येताना मी रव्याचे लाडू आणले होते. त्यातले चार डब्यात घातले, वन्संना रजेच्या दिवशी ओढून काढलं आणि समोरचं निळं दार वाजवलं. रंगारीण दारात आली. मी हसून डबा पुढे केला. तर तिने दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले!

मला कसंसंच झालं. म्हटलं, हिला वाटलं की काय आपण काही विकायला आलोय. पण ती उंबरठा ओलांडून बाहेर आली, माझ्याशेजारी उभी राहिली आणि मग दोन्ही हातांनी डबा घेतला.

"उंबरठ्यावरून काही घेत नाही ती," वन्सं म्हणाल्या. "एक आत नि एक बाहेर असला की भांडण होतं म्हणे. इथल्या जुन्या लोकांचं असतं काहीतरी."

मी हसायलाच लागले. "अहो वन्सं, हे तर आपल्या आईंचं! उंबऱ्यावरून पाणीसुद्धा द्यायच्या नाहीत कोणाला."

"मग आईच येऊन शिकवून गेली असेल हिला."

"सांगा ना तिला, सांगा!"

वन्संनी सांगितलं. रंगारीण आधी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली, मग एवढ्या मोठ्याने हसली की शेजारची खिडकी उघडली. हाताला धरूनच तिने मला आत नेलं.

आत गेल्यावर तर आमचा खेळच सुरू झाला. लाडू अर्धा करायला तिने सुरी आणली ती माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. सुरी हातात दिली की माया तुटते. मी म्हटलं, आमच्याकडे मिठाचं तसं, हातावर मीठ दिलं की वैर. तिने भिंतीला लावलेली शिडी दाखवली, खालून कोणी जायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही. तिने सांगितलं, घरात शिट्टी वाजवायची नाही. मी म्हटलं, "आमच्याकडे तर रात्री शिट्टी वाजवली की साप येतो!" सापाचं ऐकून ती खूष झाली. तिच्याकडच्या शिट्टीने नुसती घरातली बरकत जाते, साप वगैरे काही नाही.

"वहिनी, आता पुरे," वन्सं म्हणाल्या. "माझी जीभ दोन्हीकडून वापरून झिजली. दोघी एका माळेचे मणी आहात."

निघताना तिने आम्हाला मागच्या अंगणात नेलं. मी जागच्या जागी थबकले. अंगणाच्या मागची विटांची भिंत. काम संपवून घरी आलं की नवरा-बायको ब्रश धुण्याआधी त्या भिंतीवर पुसायची. उभे, आडवे, तिरके फटकारे. हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर राखाडी, त्यावर कुठल्यातरी शाळेच्या खिडक्यांचा लाल. सगळ्या आयुष्याचं काम तिथे थरावर थर बसलेलं. गोधडी उन्हात वाळत घालावी तशी ती भिंत दिसत होती.

"हा कुठला?" मी एका निळ्यावर बोट ठेवलं.

"दवाखाना," ती म्हणाली. "हा बेकरीचा. हा माझ्या मुलाच्या खोलीचा, तो जन्मला तेव्हाचा."

मी भिंतीला हात लावून नमस्कार केला. तिने विचारलं नाही का केला म्हणून. तिला कळलं असावं.

मग मीच विचारलं. "वन्सं, तिला विचारा, ही दाराच्या वर सारखी काय बघत असते?"

वन्संनी विचारलं आणि रंगारणीचा चेहरा उतरला. अंगणातल्या बाकावर बसून तिने जे सांगितलं ते वन्संनी एकेक वाक्य करून मला दिलं.

तिच्या दारावर, वळचणीखाली, दरवर्षी एक पक्ष्यांची जोडी मातीचं घरटं बांधायची. काळीनिळी पाठ, पांढरं पोट, शेपटीला कात्रीसारखी दोन टोकं. आपण पाकोळी म्हणतो त्यातलाच पक्षी. थंडीत हे पक्षी दूर देशी जातात आणि ऊन तापायला लागलं की परत त्याच जागी येतात. तिथल्या जुन्या माणसांचं म्हणणं असं, की ज्या घरावर पाकोळी बांधते ते घर नांदतं. ज्या घराला ती सोडते ते घर लवकरच रिकामं होतं. रंगारीण आणि तिचा नवरा त्या घरात राहायला आली त्याच वर्षी ही जोडी आली होती. तीच का तिची पोरंबाळं कोण जाणे, पण एकही वर्ष चुकलं नव्हतं. मागच्या थंडीत वादळ झालं आणि जुन्या गिलाव्यासकट घरटं खाली आलं.

"आणि यंदा आली नाहीत?" मी विचारलं.

"गल्लीत आली. हळदीच्या दारावर आली, जांभळ्या दारावर आली. माझ्याकडे नाही."

तिचा मुलगा लांबच्या शहरात राहत होता. वडील गेल्यापासून "आई, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये" म्हणून मागे लागला होता. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण हिचा जीव घरात अडकलेला. आणि गुडघे तर जिने चढू देत नव्हते. शेवटी तिने मुलाला शब्द दिला होता. तो या रविवारी गाडी घेऊन यायचा होता. तोवर पाकोळ्यांनी दारावर बांधायला घेतलं तर ती राहणार. नाही घेतलं तर घर बंद करून त्याच्याबरोबर जाणार.

"पण तिला स्वतःला काय हवंय?" मी म्हटलं.

रंगारणीने हात उडवला. "मला विचारू नका. मी रोज सकाळी राहायचं ठरवते आणि रोज संध्याकाळी जायचं. माझ्यावर सोडलं तर मी उंबरठ्यावरच मरेन."

"वन्सं, हा तर कौल! हिने कौल लावलाय!"

माझ्या माहेरच्या देवळात अजून कौल लावतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं चिकटवायची आणि मनातला प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. माझं लग्न ह्यांच्याशी ठरलं तेही कौल घेऊनच. वन्संना हे ठाऊक असल्यामुळे त्या म्हणाल्या, "देव त्या दिवशी बेसावध होता."

"असू दे. पण तुमच्या भावाचं भलं झालं ना?"

घरी आल्यावर मी वन्संच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या देव्हाऱ्यासमोर बसले. मला देवाकडे फार मागायची सवय नाही. बाबा रे, ती बाई तुझ्या ओळखीची नसेल, पण आता माझ्या ओळखीची आहे, एवढंच सांगितलं.

गल्लीत सगळ्यांनाच हे माहीत होतं, हे मला हळूहळू कळलं. टपालवाला रोज सकाळी तिच्या दारापाशी सायकल थांबवायचा, वर बघायचा आणि भुवया उडवायचा. ती मान हलवायची. तो जीभ चुकचुकवून पुढे जायचा. हळदीच्या दारातली बाई तर आपल्याच घरावरच्या पाकोळ्यांवर डाफरायची. माझ्याकडे कशाला गर्दी करता, तिकडे जा की! वन्संनी सांगितलं तेव्हा मला हसावं का रडावं कळेना.

मी सकाळी लवकर उठते. वन्संकडे सगळे झोपलेले, म्हणून खिडकीशी बसून माळ ओढायचे. गुरुवारी अशीच बसले होते. ऊन अजून समोरच्या कौलांवरच होतं. तेवढ्यात एक पाकोळी सुळकन आली आणि रंगारणीच्या दाराच्या वर, वळचणीखाली पंख फडफडवत लटकली. माझा हात माळेवर थांबला. तिने चोच भिंतीला लावली, दोनदा, तीनदा. मग काहीतरी खाली पडलं आणि ती उडून गेली. जरा वेळाने दुसरी आली. तीही तशीच लटकली, तीही उडून गेली.

मला वाटलं, बसून बघतात, पसंत पडत नाही, जातात. मन खट्टू झालं. तोवर रंगारीण बादली घेऊन बाहेर आली आणि तिने नेहमीप्रमाणे पायऱ्या धुवायला घेतल्या.

शुक्रवारी मात्र मी खिडकीत बसले नाही. चपला घालून रस्त्यापलीकडे गेले आणि तिच्या पायरीशी वाट बघत उभी राहिले. थंडी होती. वन्संचं कोट नावाचं गोधडं अंगावर. पाकोळी आली. फडफडली. टप्. माझ्या चपलेजवळ काहीतरी पडलं. वाकून बघितलं तर मातीची गोळी. ओली, चिकट, मुगाच्या सांडग्याएवढी. आणि एकच नाही, पायरीवर तसे दहाबारा सांडगे पसरलेले.

मी वर बघितलं. पांढरा, चकचकीत, आरशासारखा रंग.

डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, ताटाला तेल लावलं की सांडगे चिकटत नाहीत, सुटून येतात! आपण मुद्दाम लावतो तेल. इथे तर रंगारणीने अख्ख्या भिंतीलाच तेल चोपडून ठेवलं होतं. पाकोळ्या रोज येत होत्या. बांधायला बघत होत्या. गोळी धरतच नव्हती. आणि ही बाई रोज उठून तो सगळा पुरावा पाणी टाकून धुऊन काढत होती!

मी दार बडवलं. भाषा येत नाही, वन्सं नाहीत, काही सुचलं नाही. रंगारीण अर्धे केस विंचरलेल्या अवस्थेत बाहेर आली. मला बघून ती घाबरली, तिला वाटलं वन्संकडे काही बरंवाईट झालं. मी तिचा हात धरून खाली पायरीकडे बोट केलं, मग वर बोट केलं, मग दोन्ही हातांनी पंखांसारखं फडफडून दाखवलं. ती माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायला लागली.

"वन्सं!" मी रस्त्यातूनच हाक मारली. "अहो वन्सं!"

वन्सं कामावर निघायच्या तयारीत होत्या. एका पायात बूट, एक हातात, अशा आल्या. "वहिनी, अहो शेजारी काय म्हणतील!"

"शेजाऱ्यांना मरू दे. तिला सांगा, पाकोळ्या येतायत. रोज येतायत! हे बघा, ही माती त्यांची. भिंत गुळगुळीत आहे म्हणून धरत नाही. आणि ही रोज धुऊन टाकते."

वन्संनी सांगितलं. रंगारीण खाली बसली, तिने एक गोळी उचलली, बोटांत चुरडली, हुंगली. मग पायरीवरच बसून राहिली.

"ती म्हणते, मला वाटायचं की कोणाच्या बुटांची माती आहे," वन्सं म्हणाल्या. "मी रोज शिव्या घालत होते, म्हणते."

"मग आता काय, सोपं आहे! तेवढी जागा खरवडायची. आमच्याकडे भिंत सारवायच्या आधी खरखरीत करतात, पाणी मारतात, तेव्हा माती धरते. हिला काय शिकवायचं, ही रंगारीण आहे."

वन्संनी हेही सांगितलं. पण रंगारणीने मान हलवली. एकदा, ठामपणे.

"का?"

वन्संनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन कारणं सांगते. एक म्हणजे, हा रंग तिच्या नवऱ्याने कालवलेला. आयुष्यभर लोकांची घरं रंगवली आणि स्वतःचं तसंच राहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतो ना आपण, तसं. मग दोघांनी ठरवलं आणि त्याने डबे कालवून ठेवले, आणि लावायच्या आधी तो गेला. वादळानंतर गिलावा नवा करून हिने एकटीने शिडीवर चढून तीन हात मारले. म्हणते, माझ्या जन्मातलं सगळ्यात चांगलं काम आहे हे."

"आणि दुसरं?"

"दुसरं असं की, आपणच जागा करून दिली तर ते पाखरांचं उत्तर कसलं? ते माझंच उत्तर होईल. फसवणूक होईल, म्हणते."

पहिलं कारण मला कळलं. पण दुसरं मला पटेना. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"वन्सं, नीट सांगा हं. म्हणावं, आमच्या गावचा गुरव कौल लावायच्या आधी..."

"गुरव कसं सांगू मी?"

"पुजारी म्हणा. तो कौल लावायच्या आधी देवाला स्वच्छ आंघोळ घालतो. अंगावर तेलाचा ओशटपणा राहिला तर दोन्ही फुलं लगेच घसरतात. मग तो देवाचा नकार नसतो, तेलाचा असतो. आणि फुलं पाण्यात भिजवून नीट चिकटवतो. ती त्याची लबाडी नाही. देवाला हो म्हणायला आणि नाही म्हणायला सारखीच जागा ठेवावी लागते. हिने पाखरांना नाही म्हणायचीच तेवढी सोय ठेवलीय. बिचारी रोज हो म्हणतायत आणि खाली पडतायत!"

वन्संनी सांगायला बराच वेळ घेतला. मध्ये मध्ये हातवारे केले, देवाला आंघोळ घालायचेसुद्धा. एका पायात बूट तसाच होता. टपालवाला येऊन सायकल धरून उभा राहिला होता, तोही ऐकत होता.

रंगारणीने वर बघितलं. मग उठून आत गेली.

"रागावली का हो?" मी विचारलं.

"माहीत नाही. मला उशीर झालाय, मी निघते."

पण त्या निघाल्या नाहीत, कारण रंगारीण शिडी खांद्यावर घेऊन बाहेर आली. खिशात रंग खरवडायची पत्री, काचकागद आणि चिकटपट्टी. तिने शिडी लावली, आम्हाला खालून बाजूला व्हायला लावलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी वर चढली. मी आणि टपालवाल्याने दोन्हीकडून शिडी धरली. वर गेल्यावर तिने आधी काय करावं? चिकटपट्टीने एक नीट चौकोन आखून घेतला! परातीएवढा. खराब करायचं तेही नीटनेटकं. मग भिंतीवर एक हात ठेवून जरा थांबली. आणि पत्री लावली.

त्या आवाजाने गल्लीतली दारं उघडली. हळदीचं उघडलं, शेंदरी उघडलं. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे खाली पडत होते, आमच्या डोक्यावर, टपालवाल्याच्या टोपीवर. खालचा गिलावा दिसायला लागला तेव्हा तिने काचकागदाने तो आणखी खरखरीत केला, बोट फिरवून बघितलं, फुंकर मारली आणि खाली उतरली. डोळे लाल झाले होते. वन्सं म्हणाल्या, धूळ गेली असेल. मी म्हटलं, असेल.

मग मी तिच्या दाराशेजारच्या फुलांच्या वाफ्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि हाताने चिखल कालवला. कित्येक दिवस तिथे पाऊस नव्हता. म्हटलं, पाखरांना माती तरी जवळ मिळू दे. रंगारीण माझ्याकडे बघत होती. विजार वर करून तीही चिखलात उतरली आणि आम्ही दोघी साठी उलटलेल्या बायका रस्त्याच्या कडेला चिखल तुडवत उभ्या. वन्संनी फोटो काढला. तो आमच्या ह्यांना पाठवला, तर ह्यांचं उत्तर, "तिकडेही शेतीच लावली का?"

शनिवारी आम्ही वाट बघितली. पाकोळ्या आल्याच नाहीत. कदाचित आदल्या दिवशीच्या खरवडण्याला भ्यायल्या. संध्याकाळी रंगारणीच्या खिडकीतून दिसलं, ती ब्रश कागदात गुंडाळून एका पेटीत भरत होती. मीच आशा लावली होती तिला.

रविवारी न्याहारीच्या वेळेला मुलाची गाडी आली. आईसारखाच उंच आणि खांद्याने रुंद. गाडीतून त्याने रिकामी खोकी काढली, घड्या घातलेली, एकावर एक. मी आणि वन्सं खिडकीतच होतो. रंगारीण दारात आली. मुलगा दाराखाली उभा राहून काहीतरी बोलत होता, हात हलवत होता, खोकी दाखवत होता. ती ऐकत होती.

आणि मी बघितलं, रस्त्यावरच्या विजेच्या तारेवर पाकोळी बसलीय. तिच्या चोचीत काहीतरी होतं.

"वन्सं, चोच बघा! चोच! पण हा उभा आहे ना दाराखाली! त्याला बाजूला व्हायला सांगा!"

वन्संनी खिडकी उघडली, आणि आयुष्यभर इस्पितळात हळू आवाजात बोलणाऱ्या माझ्या नणंदेने अशी आरोळी ठोकली की मुलाच्या हातातली खोकी पडली. रंगारणीने वर बघितलं, तारेकडे बघितलं, मुलाची बाही पकडली आणि त्याला ओढत रस्त्याच्या अलीकडे आणलं. आमच्या खिडकीखाली माय-लेक श्वास रोखून उभे. मुलगा काही विचारायला लागला, तर तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

पाकोळी निघाली. सुळकन वळचणीखाली गेली, खरवडलेल्या चौकोनावर पंजे रोवले आणि चोच टेकवली. एकदा. दोनदा. मान हलवून हलवून दाबली. उडून गेली.

आम्ही पायरीकडे बघितलं. काहीच पडलं नाही.

"धरली!" मी म्हणाले. मोठ्याने नाही, पाखरं बिचकतील म्हणून. "वन्सं, धरली!"

लगेच दुसरी आली. मग पहिली परत. आमच्याच वाफ्यातला चिखल होता तो, माझ्या डोळ्यांसमोर उचलत होत्या. दुपारपर्यंत चौकोनाच्या खालच्या कडेला मातीच्या ठिपक्यांची चंद्रकोर दिसायला लागली. हळदीच्या दारातली बाई खुर्ची घेऊन बाहेर बसली होती. रविवार असूनही टपालवाला सायकलवर आला. मुलगा मात्र हट्टाला पेटला होता. म्हणाला, एवढीशी माती म्हणजे काही घरटं नव्हे.

"ती काय म्हणाली?" मी वन्संना विचारलं.

"म्हणाली, 'बांधायला घेतलं तर' असं ठरलं होतं. बांधून झालं तर, असं नाही."

तो आईकडे बघत राहिला. मग खाली बसून हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चेहरा दोन्ही तळव्यांनी पुसला. वन्संनी हळूच सांगितलं, "म्हणतोय, बरं झालं. माझ्या घरात तुझी शिडी कुठे ठेवली असती याचीच मला चिंता होती."

रंगारणीने लगेच हुकूम सोडायला सुरुवात केली. पिल्लं उडेपर्यंत पुढचं दार बंद. कोणी त्याखाली उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, मुलगासुद्धा. सगळ्यांनी मागच्या अंगणातून यायचं. एक खोकं तिने फाडून पायरीवर पसरलं, पाखरांची घाण पडेल म्हणून. पायऱ्या धुणं आता बंद. मग मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली आणि तोंड वाकडं केलं. त्या दाराचा रंग पार उडालेला होता.

तिने मला काहीतरी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "विचारतेय, आता हेच पुढचं दार. याला कोणता रंग द्यायचा?"

मला विचार करायची गरजच नव्हती. पर्समधून कुंकवाचा करंडा काढला आणि बोटाने तिच्या मनगटावर रेघ ओढली. तिने ती उजेडात धरून बघितली, आत जाऊन तीन डबे उघडले, थोडं हे, थोडं ते, काठीने ढवळलं. रंग हुबेहूब जुळला. ब्रश तिने मुलाच्या हातात दिला.

तो दाराशी उभा राहून रंगवायला लागला. चार फटकारे मारले असतील नसतील. रंगारीण कमरेवर हात ठेवून बघत होती. मग पुढे होऊन तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि कोपराने त्याला बाजूला सारलं. ती काय म्हणाली ते वन्संना सांगावं लागलं नाही.